डावीकडचा शब्द

१

मंगळवारी सकाळी दहा वाजता संजीवनं मेल उघडला आणि समोरची फिल्टर कॉफी तशीच निवून गेली. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावच्या इस्पितळात एका म्हातारीच्या घशात घास अडकला होता. श्वास कोंडला, आता ती यंत्रावर होती. आणि इस्पितळाचं म्हणणं असं, की या सगळ्याचं मूळ चेन्नईत, पेरुंगुडीच्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आहे.

साल दोन हजार तीन. तिकडचे डॉक्टर पेशंट तपासून झाले की टिपणं लिहीत बसत नसत, यंत्रासमोर बोलून मोकळे होत. त्यांची रात्र सुरू झाली की तो आवाज इकडे येई. चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत बारा मुलंमुली कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलनं आवाज मागेपुढे करत ते बोलणं इंग्रजीत टाइप करत. डॉक्टर झोपून उठायच्या आत कागद तिकडे हजर. कुणाचं पोट, कुणाचा गुडघा, कुणाचा शेवटचा आठवडा, सगळं या खोलीतून जायचं, आणि यातल्या एकाही माणसाचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं.

त्या म्हातारीला अर्धांगाचा झटका आला होता. डॉक्टर बोलले होते ‘डिस्फेजिया’, म्हणजे हिला गिळता येत नाही. कागदावर उमटलं होतं ‘डिस्फेझिया’, म्हणजे हिला बोलता येत नाही. इंग्रजीत दोन्ही शब्द एका अक्षराच्या फरकाचे, जुळ्या बहिणींसारखे दिसणारे. शनिवारी म्हातारी दुसऱ्या वॉर्डात गेली, तिथल्या नर्सनं कागद वाचला, तिच्याशी प्रेमानं हळूहळू बोलली आणि रविवारी तिच्यासमोर साधं जेवण ठेवलं.

मजल्याचा मॅनेजर असलेल्या संजीवनं वेंकोबा रावांना बोलावलं.

राव सासष्ट वर्षांचे. सरकारी छापखान्यात प्रुफं तपासण्यात अडतीस वर्षं घालवून रिटायर झालेले, गेली पाच वर्षं इथं पोरांना शब्द शिकवणारे. तिथं त्या हुद्द्याला ‘रीडर’ म्हणत, आणि राव अजूनही स्वतःची ओळख तशीच करून देत. घराणं तंजावरचं. तीनशे वर्षांपूर्वी पूर्वज महाराष्ट्रातून आले ते इथलेच झाले. त्यांचं मराठी ऐकून पुण्यानाशकाकडची पोरं पहिल्या दिवशी तोंडावर हात धरून हसत, दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पाया पडत. कारण इंग्रजी शब्दांच्या बाबतीत या म्हाताऱ्याला हूल देणं कुणाला जमलेलं नव्हतं. सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर दर बुधवारी त्यांचा वर्ग असे. मागे इस्पितळांच्या नावांचा घोळ झाला होता, तोही त्यांनीच एका दुपारात सोडवला होता. तेव्हापासून काही हरवलं, बिघडलं, की संजीव त्यांनाच हाक मारी.

“राव सर, साडेसहाला त्यांचा फोन येणार आहे. तोपर्यंत मला नाव हवंय.”

“नांव कीं कारण?” रावांनी विचारलं.

“नाव,” संजीव म्हणाला, आणि त्यानं कागद पुढे सरकवला. तळाशी टाइप करणाऱ्याचा नंबर होता. सात.

सात नंबर म्हणजे ऊर्मी.

२

ऊर्मी शेडगे तेवीस वर्षांची. वडील चेन्नईबाहेरच्या आवडी गावातल्या संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत फोरमन, मूळचे कराडचे. आवडीहून रोज येणं परवडत नाही म्हणून ती अड्यारच्या लेडीज हॉस्टेलात राहायची. रावांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, आणि सगळ्या मजल्यावर त्यांच्याशी मराठीत वाद घालायची हिंमत असलेली ही एकटीच.

आता मात्र ती पॅन्ट्रीतल्या स्टुलावर बसून ओढणीचं टोक पिळत होती.

“सर, आईशप्पत, मी बरोबरच टाइप केलं होतं.”

“दिवसास वीस कागद करतेस पोरी. शुक्रवारचा एक शब्द आज कसा आठवतो?”

“तुम्हीच शिकवलं होतं ना? जी आला की ग, म्हणजे गळा. एस आला की श, म्हणजे शब्द. शुक्रवारी तो शब्द कानावर पडला तेव्हा मी मनात म्हटलं, गळा. आणि जी दाबला. मला हसूसुद्धा आलं होतं.”

रावांना तो वर्ग आठवला. ही क्लृप्ती त्यांनी खास तिच्यासाठी मराठीत काढली होती, तमिळ पोरांना तिचा उपयोग नव्हता.

“आवाज नीट नव्हता काय?”

“स्वच्छ होता. तुम्ही ऐका हवं तर.”

रावांनी आधीच ऐकला होता. डॉक्टर सावकाश, ठासून बोलणारे होते. शब्द दोनदा आला होता, दोन्ही वेळा लख्ख. बहिऱ्याला सोडून कुणालाही ऐकू यावा असा. आणि कागदावर दोन्ही ठिकाणी चुकलेला.

“टाइप करून झाल्यावर वाचलास कीं नाहीं?”

ऊर्मीनं मान वर केली. “नाही वाचला. तुम्हीच सांगता ना, आपलं आपण वाचू नये, आपली चूक आपल्याला दिसत नाही, वाचणारा वेगळा हवा. स्क्रीनकडे बघत बसू नका म्हणता.”

छापखान्याचा हा नियम. जो टाइप जुळवतो तो प्रूफ वाचत नाही. रावांनी तो इथं आणून लावला होता आणि त्याचं त्यांना भारी कौतुक होतं. आज पहिल्यांदा त्यांना तो बोचला.

“सर, निष्काळजीपणा असं कारण लिहून कामावरून काढलं तर दुसरी एकही कंपनी घेणार नाही मला. या लाइनमध्ये सगळे एकमेकांना फोन करतात. बाबा मार्चमध्ये रिटायर होतायत. क्वार्टर सोडायचंय. घर माझ्या भरवशावर बघतायत ते.” तिला हुंदका आला. “मी केलं असेल तर मी भोगीन. पण मी केलं नाहीये हो.”

“पावम,” राव पुटपुटले. बिचारी. मग मोठ्यानं म्हणाले, “रडूं नको. तूं केलें नाहींस तर कोणीं तरी केलें. तो सापडेल.”

असं वचन देऊ नये हे अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना शंभरदा कळलं होतं. तरी त्यांनी दिलं.

३

टाइप झालेला कागद पद्मनाभकडे जाई. पद्मनाभ एडिटर, काचेच्या खोलीत वेगळा बसणारा. तांबरमहून सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एकीनं यायचा, नाकासमोर चालायचा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. त्याच्याशी बोलणं तमिळमधूनच.

“कागद मी वाचला होता,” तो म्हणाला. “आवाज ऐकला नाही. दहातला एक कागद आवाजाशी ताडायचा, बाकीचे नुसते वाचायचे, हा कंपनीचा नियम. झटका आलेल्या बाईला बोलता येत नाही, यात मला काही खटकलं नाही. तुम्हाला खटकलं असतं?”

नसतं. दोन्ही शब्द शब्दकोशातले, दोन्ही झटक्यानंतर लागू पडणारे. रावांनी मान हलवली.

“पण मला काढणार नाहीत ना?” पद्मनाभनं हळूच विचारलं. त्याच्या आवाजात तीच भीती होती जी सगळ्या मजल्यावर पसरली होती.

मग राहिला महेश. टीम लीडर, नाशिकचा. ऊर्मीनं रविवारी यायला नकार दिल्यापासून दोघांत विस्तव जात नव्हता. कॉम्प्युटरच्या नोंदीत रावांना एक ओळ सापडली. ऊर्मीचा तो कागद शनिवारी सकाळी नऊ दहाला पुन्हा उघडला गेला होता, आणि उघडणारा होता महेश.

“मी नाही उघडला,” महेश फाडकन म्हणाला.

रावांनी ती ओळ त्याच्यासमोर ठेवली. महेशच्या कपाळावर एसीतही घाम आला.

“सर, खोलीचा नंबर बदलला फक्त. इस्पितळातून फोन आला होता, पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवतोय म्हणून. पद्मनाभला न दाखवता बदललं, ते नियमात बसत नाही, म्हणून नाही म्हणालो. तिच्याशी भांडण आहे माझं, पण असलं नाही करणार. म्हातारी बाई आहे हो ती.”

“शुक्रवारची प्रत असेल कीं यंत्रांत?”

ती होती. संध्याकाळी पाच चाळीसला, ऊर्मीनं काम संपवून कागद बंद केला त्या क्षणाची. अजून ना पद्मनाभनं तो पाहिलेला, ना महेशनं. महेशनं ती उघडली. राव चष्मा वर करून वाकले.

दोन्ही ठिकाणी ‘डिस्फेझिया’.

महेशनं सुस्कारा टाकला. रावांनी मात्र ती ओळ पुन्हा वाचली. शब्द ऊर्मीच्या यंत्रातून बाहेर पडला तेव्हाच चुकलेला होता. म्हणजे पोरीला सोडवायला निघालेल्या म्हाताऱ्यानं तिच्याभोवतीच कुंपण घालून दाखवलं होतं.

संजीव दारात उभा होता. “झालं ना मग सर?”

“सहा वाजेपावेतों वेळ दे मज,” राव म्हणाले.

४

दुपारी डबा न उघडता राव पद्मनाभच्या खोलीत जाऊन बसले. पद्मनाभकडे जाड पुठ्ठ्याची एक वही होती. आपण पकडलेली प्रत्येक चूक तो त्यात तारीख घालून उतरवायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याची ती खोडच होती.

“या दिवसांत उन्हामुळं पोरांचं लक्ष नाही,” तो वही पुढे करत म्हणाला. “एरवी आठवड्याला असल्या दोन-तीन चुका. शुक्रवारपासून अकरा झाल्या.”

रावांनी वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला त्यांना हसू आलं. एका डॉक्टरनं दुसऱ्याला ‘एमिनंट’ सर्जन म्हटलं होतं, म्हणजे नामवंत. कागदावर आलं होतं ‘इमिनंट’, म्हणजे आता कोसळेल, मग कोसळेल असं. पुढे एका गृहस्थाची ‘प्रोस्टेट’ ग्रंथी ‘प्रोस्ट्रेट’ झाली होती, म्हणजे साष्टांग नमस्कार घालून पडली होती. एकीनं नवं औषध ‘अडॅप्ट’ करायचं सोडून ‘अडॉप्ट’ केलं होतं, दत्तकच घेतलं होतं. चौथ्या ओळीला हसू थांबलं. एका मुलाचा पाय शरीरापासून दूर न्यायचा व्यायाम सांगितला होता, ‘अॅबडक्शन’. कागदावर होतं ‘अॅडक्शन’, पाय आत ओढायचा. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या मुलाचा.

“हे सगळे ऊर्मीचे?”

“छे. सात जणांचे. सगळी खोली वेडी झाल्यासारखी.”

राव वहीकडे बघत राहिले. अकरा चुका, सात माणसं. गेल्या पाच वर्षांत या पोरांच्या हजारो चुका त्यांनी पाहिल्या होत्या. माणूस असल्या जोडीत चुकतो तेव्हा दोन्ही बाजूंना चुकतो. कधी हा शब्द त्याच्या जागी, कधी तो याच्या जागी. पण इथं ‘प्रोस्टेट’चं ‘प्रोस्ट्रेट’ तीनदा झालं होतं, उलट एकदाही नाही. अकराच्या अकरा चुका एकाच दिशेनं गेलेल्या.

“माणसाची चूक ही नव्हे,” ते तमिळमध्ये म्हणाले.

“मग कुणाची?”

रावांनी वही पुन्हा पहिल्या ओळीपासून धरली. रीडरच्या सवयीनं त्यांचं बोट जोड्यांवरून फिरत होतं. प्रत्येक जोडीत जो शब्द शब्दकोशात आधी येतो तो गेला होता, आणि जो नंतर येतो तो त्याच्या जागी बसला होता. अकराही वेळा. कुणीतरी या जोड्या अकारविल्हे लावलेल्या होत्या, पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे.

त्यांनी वही मिटली. ते उठले आणि टायपिंगच्या खोलीत गेले.

“ऊर्मी, सात नंबरावर बस. तें वाक्य टाइप कर. मज दाखव.”

बाकीच्यांनी हेडफोन काढले. ऊर्मीनं हेडफोन लावला, डोळे भिंतीवर, बोटं कळांवर. राव तिच्या बोटांकडे बघत होते. डी, वाय, एस, पी, एच, ए. मग तर्जनी जीवर गेली. स्पष्ट, न चुकता. आय, ए. आणि अंगठ्यानं लांब पट्टी दाबली.

“थांब,” राव म्हणाले. “आतां वर पाहा.”

ऊर्मीनं स्क्रीनकडे पाहिलं. तिथं एस होता.

“अय्यो,” मागून कुणीतरी म्हणालं.

“सर, मी जी दाबला!” ऊर्मी जवळजवळ किंचाळली. “तुम्ही बघितलंत ना? तुम्ही बघितलंत!”

“पाहिलें.”

त्यांनी तिला पुन्हा टाइप करायला लावलं, तीनदा. तिन्ही वेळा शब्द पूर्ण होऊन अंगठा पडला, की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच यंत्र जी पुसून एस बसवत होतं. खोलीत टाळ्या वाजल्या. ऊर्मी रडत हसत होती, कुणी तिच्या पाठीवर थाप मारत होतं. राव त्यात नव्हते. ते अनयला शोधायला गेले होते.

५

अनय बावीस-तेवीस वर्षांचा, नागपूरचा, कॉम्प्युटर सांभाळणारा. वायरींच्या गुंताड्यात बसलेला असायचा. रावांना बघून तो उठून उभा राहिला.

“शुक्रवारीं तूं यंत्रांत काय घातलेंस?”

अनयचा चेहरा खुलला. “तुमची यादी सर! सांगितलं होतं की तुम्हाला. ‘सर, तुमची यादी मशीनवर टाकली’ म्हटलं, तुम्ही नल्लदु, छान, म्हणालात.”

ते खरं होतं. रावांना वाटलं होतं पोरानं ती वाचायला ठेवली असेल. बारा वर्षांपासून गोळा केलेल्या दोनशे बारा जोड्या. सारख्या दिसणारे, अर्थानं वेगळे शब्द, दोन रांगांत, अकारविल्हे. अर्थ वेगळ्या कागदावर. रांगांना मथळे नव्हते, कारण रावांना त्यांची गरज वाटली नव्हती.

“कोठें टाकलीस?”

“ऑटोकरेक्टमध्ये. त्यात दोन कप्पे असतात. डावीकडे चुकीचा शब्द, उजवीकडे बरोबर. डावीकडचा टाइप झाला की यंत्र स्वतःच उजवीकडचा घालतं. म्हटलं, सरांची यादी टाकली तर पोरांच्या चुका आपोआप दुरुस्त होतील. बाराही मशीनवर टाकली. दोनशे बारा जोड्या हातानं नाही घातल्या, छोटा प्रोग्रॅम लिहिला.” त्याचा आवाज हळूहळू खाली येत गेला. “का सर?”

“डावीकडचा शब्द चुकीचा हें तुज कोणीं सांगितलें?”

“तुम्हीच,” अनय म्हणाला.

अनय आला त्या पहिल्याच बुधवारी, वर्गात, छापखान्याच्या गमती सांगताना. शुद्धिपत्र कसं वाचायचं, रावांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. डावीकडे चूक, उजवीकडे दुरुस्ती. आमच्या छापखान्यात दोन रांगा दिसल्या की मथळा शोधत नसत, डावी रांग चुकीची हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं, असं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. त्या वर्गात पहिल्यांदाच भक्तिभावानं बसलेल्या या पोरानं ते जपून ठेवलं. आणि छापखान्याच्या माणसाची दोन रांगांची यादी हातात पडल्यावर तिचा दुसरा काही अर्थ असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

“सर, डावीकडचे चुकीचे नव्हते?”

“दोन्हीकडचे बरोबर होते, कण्णा,” राव बाळा म्हणावं तसं म्हणाले.

गुन्हेगार सापडला होता. त्यांनी उभ्या उभ्या हिशेब केला. बारा यंत्रं, शुक्रवार, शनिवार, सोमवार आणि आजची सकाळ. सातशेच्या वर कागद. पद्मनाभनं त्यातले अकरा धरले होते. बाकीच्यांत काय काय बदलून गेलं, कुणाचा पाय, कुणाचं आतडं, कुणालाच माहीत नव्हतं. ते कागद चार दिवसांपूर्वीपासून समुद्रापलीकडे वाचले जात होते.

६

साडेपाचला राव संजीवसमोर उभे होते. त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. संजीवनं शेवटपर्यंत ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता. तो फक्त ऐकता ऐकता फिका पडत गेला.

“सर, मी तीन वाजताच मेल पाठवलाय. सात नंबर, मानवी चूक.”

“सहापावेतों वेळ मागितला होता मीं.”

“त्यांचे दोन मेल आले मध्ये. काय करू?” संजीवनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. “एका मुलीची एक चूक म्हटलं तर ते ओरडतील आणि गप्प बसतील. सातशे कागद म्हटलं तर उद्या इथं कुलूप. ऐंशी माणसं आहेत या मजल्यावर. ऊर्मीसकट.”

“सातशें कागद नव्हेत ते. माणसें आहेत.”

“दुरुस्त प्रती पाठवू. रोज दोन-चार जातातच, कुणी विचारत नाही. यादी आत्ता काढून टाकायला सांगतो. तुम्ही आणि पद्मनाभ बसा, सगळे तपासा, आजपासून पाठवायला लागू.”

“आणि पोर?”

संजीव खिडकीकडे बघत राहिला. खाली जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर कंपन्यांच्या बसेसची रांग लागली होती.

साडेसहाला फोन आला. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या यंत्रातून एका बाईचा शांत, थकलेला आवाज. तिनं नंबर सात नोंदवून घेतल्याचं सांगितलं, काय कारवाई करणार ते विचारलं. संजीव म्हणाला, कामावरून कमी करतोय. तेवढ्यात राव पुढे वाकले आणि बोलायला लागले. छापखान्यात कमावलेल्या त्या चोख इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की मुलगी निर्दोष आहे, यादी माझी आहे, सातशे कागद परत बोलवा, आजच बोलवा, माझं नाव लिहून घ्या. दम लागेपर्यंत बोलले. पलीकडून उत्तर येईना. तेव्हा त्यांचं लक्ष यंत्राकडे गेलं. संजीवचं बोट एका बटणावर होतं आणि वर लाल दिवा लागलेला होता. पलीकडे एक अक्षरही गेलं नव्हतं.

“सॉरी सर,” संजीव म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

बटणावरून बोट निघाल्यावर रावांनी एकच विचारलं, “ती वृद्ध बाई कशी आहे?” बाई म्हणाली, पेशंटची माहिती आम्ही बाहेर देत नाही. आणि फोन बंद झाला.

सातला शिपाई कागद घेऊन आला. कंपनीतलं कुठलंही इंग्रजी पत्र रावांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नसे, तो दंडकच होता. शिपायाला कुणी वेगळं काही सांगितलं नसावं. ऊर्मीला कमी केल्याचं पत्र होतं. रावांनी ते तीनदा वाचलं. अडतीस वर्षांत इतका स्वच्छ मजकूर त्यांच्या हाती क्वचितच आला असेल. एकाही चुकीला जागा नव्हती.

त्यांनी लाल पेन काढलं, ऊर्मीच्या नावावर आडवी रेघ मारली, समासात खूण करून स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद परत पाठवला. दहा मिनिटांनी प्रिंटरमधून नवी प्रत निघाल्याचा आवाज त्यांना इथपर्यंत ऐकू आला. ती त्यांच्याकडे तपासायला आली नाही.

७

ऊर्मी बसस्टॉपवर उभी होती. पत्र पर्समध्ये घातलं होतं, त्याचा कोपरा बाहेर डोकावत होता. राव जिना उतरून आले ते धापा टाकतच.

“ऊर्मी, ऐक. ती यादी—”

“माहितेय सर. अनयनं सांगितलं. रडत होता.”

रस्त्यावरून दोन बस गेल्या, दोन्ही तिच्या नव्हत्या.

“मीं लिहून देतों. माझी चूक, तुझी नव्हे. सही करून देतों. दुसरीकडे दाखव.”

“कुणाला दाखवू? ते फोन करून इथंच विचारणार ना.” तिचा आवाज दुपारसारखा फुटला नाही. “मी सांगितलं संजीव सरांना, जाऊ दे, तुम्ही ते सातशे कागद नीट करा आधी. माझ्यामुळं थांबू नका. त्या पायाच्या मुलाचा कागद पद्मनाभ सरांनी धरला होता ना जायच्या आत?”

“धरला होता.”

“बरं झालं.”

तिनं रावांकडे रागानं बघितलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. ती नुसती दमलेली दिसत होती. या पोरीला आपण सोडवू असं म्हणालो होतो, हे आठवून त्यांना तिच्यासमोर उभं राहवेना.

“मी रविवारीं आवडीस येतों,” ते म्हणाले. “तुझ्या बाबांस मी सांगतों. तोंडानें सांगतों. पोरीनें कांहीं केलें नाहीं, सारें मीं केलें.”

ऊर्मीनं मान हलवली.

“नका येऊ सर. तुम्ही काय सांगणार त्यांना? डिस्फेजिया, डिस्फेझिया, डावीकडचा शब्द? बाबांना यातलं काही कळायचं नाही. त्यांना एवढंच कळेल की एक म्हातारी मरायला टेकली आणि त्यांच्या मुलीला कामावरून काढलं. तुम्ही आलात की ते तुम्हाला चहा देतील आणि तुमची माफी मागतील. माझ्या वतीनं.” ती थांबली. “ते नको बघायला मला.”

बस आली. ती चढली, खिडकीशी जागा नव्हती म्हणून आत सरकली, आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

राव वळले आणि जिना चढू लागले. वर पद्मनाभनं हेडफोन लावून पहिला कागद उघडून ठेवला होता, आणि वाचायला दुसरा माणूस हवा होता.